रोकडेताईंचा मेनू

नारायणगावजवळच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी प्रयोगशाळेत मला पहिला प्रश्न विचारला तो एका लॅब असिस्टंटनं. मी ब्युरेटचा, म्हणजे काचेच्या मोजनळीचा, स्टँड शोधत होते. दोन कपाटं उघडून झाली, तिसऱ्याला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, तुमी आधी कुठं पाह्यलं?"

मला वाटलं, बाई टोमणा मारताहेत. खिडकीखालच्या कपाटात, असं मी जरा तुटकपणेच म्हटलं. त्यांनी मान हलवली, एप्रनच्या खिशातून छोटी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि दाराजवळच्या मांडणीवरून स्टँड आणून माझ्या हातात दिला. चार दिवसांनी पाहते तर सगळे स्टँड खिडकीखालच्या कपाटात आले होते. 

त्या विमल रोकडे. राहायला आणे गावात, पठारावर. सकाळी आण्याहून जीप पकडून आळेफाटा, तिथून दुसरी जीप नारायणगावची, आणि तरीही प्रयोगशाळेचं कुलूप साडेआठला त्याच उघडायच्या. उंच, काटक, साडीवर निळा एप्रन, आणि कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्यांखाली आम्लाचे जुने पांढुरके डाग. धर्मांतरानंतर त्यांच्या वडिलांनी चारही मुलींना हट्टानं शाळेत घातलं होतं. विमलताई त्यांतल्या धाकट्या. बारावी सायन्स झाल्या, पुढं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष अर्धं झालं आणि लग्न झालं. यजमान एस.टी.त मेकॅनिक. ही सगळी माहिती मला दोन-तीन वर्षांत तुकड्यातुकड्यानं कळली. त्या आपणहून स्वतःबद्दल कधी बोलत नसत. कामाबद्दल मात्र बोलायच्या आणि ते ऐकावंच लागायचं.

रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्या दोन बाटल्या घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. एक उजव्या हातात, एक डाव्या, हात एकमेकांपासून लांब धरलेले.

"ह्या दोघी शेजारी नको वाटत्यात," त्या म्हणाल्या. "हिचं बूच सैल हाय. आन् वाफेनं तिचं लेबल खाल्लंय."

मी पाहिलं. एकीत नायट्रिक आम्ल होतं, दुसरीत नायट्रोबेन्झीन. आमच्या आधीच्या कोणी शिस्तप्रिय माणसानं सगळी रसायनं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावली होती, त्यामुळं ही दोन भावंडं वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून उभी होती. दोन्ही फुटून एकत्र झाली असती तर स्फोटानं त्या खोलीचं काय झालं असतं, हे पुस्तकात मी वाचलं होतं.  रोकडेताईंनी पुस्तक वाचलं नव्हतं. लेबल पाहिलं होतं.

पुढचे दोन दिवस त्यांनी झाडून सगळ्या बाटल्या फरशीवर मांडल्या आणि मला स्टुलावर बसवून एकेकीबद्दल विचारलं, "हिचं कुणाशी पटत न्हाई?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. कपाट नव्यानं लागलं. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख डुंबरे सर येऊन पाहून गेले आणि म्हणाले, आता माणसाला बाटली सापडायची कशी? त्यावर ताईंनी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली यादी दाखवली. सर यादीवरून नजर फिरवून गेले. सर त्यांना विमल म्हणत, एकेरीत. बाकी कोणत्याही कर्मचाऱ्याला ते एकेरीत हाक मारत नव्हते. ताईंचं उत्तर ठरलेलं, "जी सर."

डुंबरे सर वाईट माणूस नव्हते, हे आताच सांगते. कॉलेजात संगणक आले ते त्यांच्याचमुळं. पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेनं वापरून काढून टाकलेली दहा मशीन त्यांनी दीड वर्ष पत्रं लिहून मिळवली, आणि टेंपोत मागे, मॉनिटरना हातांनी धरून, स्वतः बसून आणली. हे दोन हजार सालानंतरचं. प्रत्येक शास्त्र विभागाचं स्वतःचं काहीतरी त्या मशीनवर असावं, हे त्यांचं फार जुनं स्वप्न होतं. चोरीच्या सीडी चालणार नाहीत, असं प्राचार्यांनी बजावल्यामुळं फुकट मिळणारं लिनक्स घालायचं ठरलं. पुण्याहून एक तरुण आला, दोन दिवसांत दहाही मशीनवर सगळं चढवलं, सीडी आणि एक जाड छापील पुस्तक ठेवून निघून गेला. संगणक खोलीला वेगळा माणूस नव्हता. सरांनी प्राचार्यांना सांगितलं, विमलला दुपारी तिथं बसवा, पोरं वायरी तोडतात.

त्या तरुणानं शास्त्राचे म्हणून जेवढे प्रोग्रॅम मिळतील तेवढे घातले होते. चाळीसहून जास्त. आणि मेनूत ते सगळे एकाच ठिकाणी, शिक्षण नावाच्या यादीत. त्यात आलेख काढायचा प्रोग्रॅम होता, रेणूची चित्रं काढायचा होता, रात्रीचं आकाश दाखवणारा होता, आणि त्यांच्याच मध्ये लहान मुलांना अक्षरं शिकवणारे खेळ. मॉनिटर चौदा इंची, यादी पडद्याच्या खाली निघून जायची. नावं इंग्रजी आणि तीही विचित्र, नावावरून आत काय आहे ते कळायचं नाही. तासातली पहिली दहा-पंधरा मिनिटं मुलं नुसती शोधत बसायची. काही तर शोधताना कंटाळून पत्त्यांचा खेळ लावायची.

रोकडेताई वायरी राखायला बसल्या होत्या. आठवडाभर त्यांनी नुसतं पाहिलं. मग मुलांना तोच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "आधी कुठं गेलतास?" आणि वहीत रेघा ओढायच्या. आलेखाचा प्रोग्रॅम: कॅल्क्युलेटर असतो त्या यादीत सतरा जण गेले, ऑफिसच्या यादीत नऊ, चित्रांच्या यादीत पाच. असं प्रत्येकाचं. महिनाभरानं ती वही आणि ते जाड पुस्तक घेऊन त्या माझ्याकडं आल्या. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण सावकाश. आम्ही दोघींनी ते प्रकरण पेन्सिलीनं खुणा करत वाचलं. त्यात होतं ते सोपं होतं. प्रत्येक प्रोग्रॅमची एक छोटी फाइल असते, त्यात एका ओळीत त्याचा वर्ग लिहिलेला असतो. ती ओळ बदलली की प्रोग्रॅम मेनूतली जागा बदलतो. एका प्रोग्रॅमला दोन वर्ग लिहिले तर तो दोन्हीकडं दिसतो. आणि ज्याच्या ओळीतला वर्ग मेनूत नसेलच, तो तळाशी लॉस्ट अँड फाउंड नावाच्या कप्प्यात जाऊन पडतो.

"म्हंजी पत्ता चुकला की टपाल तिथं पडतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी वर्ग केले ते असे: आलेख, गणित, मोजमाप, रेणू, जीव, आकाश. मराठी अक्षरं तेव्हा त्या पडद्यावर नीट उमटत नसत, जोडाक्षरं फुटायची. म्हणून त्यांनी जोडाक्षर नसलेलेच शब्द शोधले होते. हे त्यांनी मला सांगितलंही नाही. मला वर्षभरानं एकदा मेनूकडं बघता बघता लक्षात आलं. एकेका मशीनवर फाइली बदलून त्यांनी दहाही मशीन एकसारखी केली, आणि सगळ्यांची नक्कल एका फ्लॉपीवर ठेवली. मुलं आता बसली की कामाला लागायची.

डुंबरे सरांना ते आवडलं नाही. एका दुपारी सगळ्या शास्त्र विभागांच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. मीही होते. सरांचं म्हणणं होतं, मेनू विभागांप्रमाणे हवा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र. तपासणीला समिती येते, तिला कळलं पाहिजे कोणत्या विभागाकडं काय आहे. ताईंना बोलावून घेतलं. त्या दाराशी उभ्या राहिल्या. आलेख सगळ्यांनाच लागतो, तो एकाच विभागात टाकला तर बाकीच्या पोरांना सापडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वर्गवारी करायला विषय कळावा लागतो, विमल. ते तुझं काम नाही."

 ताई म्हणाल्या, "विषय तुमचाच हाय सर. पर शोधणारं पोर माझ्याफुडं बसलेलं असतं."

 सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. प्राचार्यांनी, परीक्षेपर्यंत आहे तसं राहू द्या, असं म्हणून विषय मिटवला. पण दुसऱ्याच आठवड्यात ताईंची संगणक खोलीतली दुपार बंद झाली. त्या पूर्णवेळ माझ्या प्रयोगशाळेत परतल्या. त्यांची नेमणूक अजून तात्पुरतीच होती, दरवर्षी शिफारस लागायची, आणि त्या वर्षी कायम होण्यासाठी त्यांचं नाव जाणार होतं. म्हणून मी त्यांना म्हटलं, आता काही दिवस शांत राहा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या शांतच होत्या.

भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला त्या वर्षी प्रथमच संगणकावरचं प्रात्यक्षिक आलं होतं. दिलेल्या आकड्यांवरून आलेख काढायचा, त्यातून उत्तर काढायचं. विद्यापीठाकडून बाहेरचे परीक्षक येणार. परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी घरी निघाले तेव्हा संगणक खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत डुंबरे सर एकटेच. मी विचारलं, अजून थांबलात? ते म्हणाले, उद्याची तयारी. पडद्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, मी पाहिलंही नाही.

सकाळी नऊला पहिली आठ मुलं बसली. अकराला लाइट जायची, तेव्हाचं भारनियमन घड्याळासारखं होतं. म्हणजे दोन तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. मी शेजारच्या खोलीत होते. सव्वानऊला शिपाई आला, सरांनी बोलावलंय म्हणाला.

आत गेले तर आठही मुलं हात मांडीवर ठेवून बसलेली. मेनूत आलेख नव्हता. गणित नव्हतं, मोजमाप नव्हतं. त्याऐवजीही काही नव्हतं. परीक्षक टेबलावर घड्याळ काढून ठेवून बसले होते, साठीच्या आसपासचे, कडक इस्त्रीचा शर्ट. सर एका मशीनपाशी वाकून माउस हलवत होते आणि त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मढ गावची एक मुलगी होती, पहाटेच्या गाडीनं यायची. ती कोऱ्या उत्तरपत्रिकेकडं एकटक बघत होती.

सर माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तिला बोलवा."

रोकडेताई ब्युरेट धूत होत्या. मी सांगितलं, त्यांनी हात एप्रनला पुसले, टेबलाच्या खणातून फ्लॉपी घेतली आणि निघाल्या. वाटेत काय झालं, कोणी केलं, असं काही विचारलं नाही.

पडद्याकडं त्यांनी जेमतेम पाहिलं असेल. मेनूच्या अगदी तळाशी गेल्या आणि लॉस्ट अँड फाउंड उघडलं. सगळेच्या सगळे प्रोग्रॅम तिथं पडले होते. एक फाइल उघडून पाहिली. वर्गाच्या ओळीत इंग्रजी अक्षरांत भौतिक विभाग असं लिहिलेलं. फाइलींत नवे पत्ते घातले होते, पण मेनूत त्या नावांच्या खोल्या बांधायच्या राहून गेल्या होत्या. आणि जुन्या खोल्यांत आता कोणीच नसल्यामुळं त्या दिसेनाशा झाल्या होत्या.

त्या परीक्षकांकडं वळल्या. मुलांना एकच वाक्य सांगू द्या, प्रोग्रॅम कुठं आहे तेवढं, म्हणाल्या. परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. परीक्षा सुरू झालेली आहे, विद्यार्थ्यांशी कोणीही बोलायचं नाही. मशीन दुरुस्त करायचं तर करा. आणि मग त्यांनी डुंबरे सरांना विचारलं, या बाई कोण?

 "लॅब असिस्टंट," सर म्हणाले. "मेनूचं काम यांनी केलेलं आहे."

यात खोटं काही नव्हतं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ताईंना ते ऐकू गेलं होतं, कारण त्या चार फुटांवर होत्या. त्यांनी पहिल्या मशीनमध्ये फ्लॉपी घातली.

एकेका मशीनला तीन-चार मिनिटं लागत होती. मूल उठून बाजूला उभं राहायचं, त्या बसायच्या, फ्लॉपी कुरकुरायची, मेनू परत यायचा, त्या उठायच्या. एक शब्द नाही. पाचव्या मशीननं फ्लॉपी वाचलीच नाही. दोनदा काढून घातली. मग बाजूला ठेवून त्यांनी लागणाऱ्या तीन फाइली हातानं दुरुस्त केल्या, ओठ हलवत, अर्धविराम मोजत. तिथं दहा मिनिटं गेली. मढच्या मुलीचं मशीन शेवटचं. तिला मेनू मिळाला तेव्हा दहा वाजत आले होते.

अकराला लाइट गेली. सहा जणांचं झालं होतं. दोघांचं अर्धं राहिलं, त्यांत ती मुलगी.  परीक्षकांनी घड्याळ हाताला बांधलं, त्या दोघांकडं पाहिलं आणि म्हणाले, आलेखाचा कागद घ्या, उरलेलं हातानं काढा. दोघंही पास झाली. परीक्षक नियमाचे होते, निर्दय नव्हते.

पण पंधरा दिवसांनी त्यांचा शेरा आला. संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था अप्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या हाती असून त्यामुळे परीक्षेत व्यत्यय आला, अशा अर्थाचा. प्राचार्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. ताई माझ्या विभागाच्या, म्हणून मी. संगणक खोली सरांची, म्हणून सर.

प्राचार्यांनी शेरा वाचून दाखवला. असा शेरा असताना या वर्षी कायम करण्यासाठी नाव पाठवता येणार नाही, असं ते म्हणाले. त्यांनाही ते बोलणं जड जात होतं. सर खिडकीकडं बघत होते. मला संध्याकाळचे पाच वाजलेले दिसत होते, अर्धवट उघडं दार दिसत होतं. माझा स्वतःचा परिवीक्षेचा काळ संपून फार दिवस झाले नव्हते, आणि सर नेमणुका ठरवणाऱ्या वरच्या समितीत होते. मी टेबलाच्या काचेखालच्या वेळापत्रकाकडं बघत राहिले. आजही ते मला तसंच्या तसं आठवतं, कोणत्या वारी कोणता तास होता तेसुद्धा.

ताई म्हणाल्या, "सर, बदल मी केलेला न्हाई. मशीनमधी वेळ असती, आन् कुणाच्या नावानं आत शिरलं तेबी असतं. बघायचं असलं तर दाखवते. तुमी म्हणला तरच."

प्राचार्यांनी डुंबरे सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग टेबलाकडं. आता त्याची गरज नाही, झालं ते झालं, असं काहीसं पुटपुटले.

"मग माझं म्हणणं लिहून घ्या," ताई म्हणाल्या. "बदल मी केलेला न्हाई, एवढंच. शेऱ्याला जोडून ठेवा. आन् इथं हायेत त्या समद्यांनी सही करावी, ह्यांनी आमच्याफुडं हे म्हणलं म्हणून."

त्यांना खुर्ची दिली होती, पण त्या उभ्या राहिल्या होत्या आणि प्राचार्य लिहीपर्यंत त्या तशाच उभ्या राहणार, हे आम्हा तिघांनाही कळलं. प्राचार्यांनी कागद ओढला. दोन ओळी लिहिल्या, सही केली. कागद माझ्याकडं आला. सही करणं सोपं होतं, तेवढंच मी केलं. मग कागद सरांच्या पुढं सरकवला.

सरांनी पेन उघडलं आणि ते कागदावर टेकवून तसेच थांबले. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. बाहेर तास संपल्याची घंटा झाली, व्हरांड्यातून मुलं धावत गेली, पुन्हा शांत झालं. ताई त्यांच्याकडं बघतही नव्हत्या. त्या कागदाकडं बघत होत्या. सरांनी सही केली. मग सहीच्या खाली, वळणदार अक्षरात, एक ओळ लिहिली आणि कागद प्राचार्यांकडं न देता ताईंच्या दिशेनं फिरवला.

मेनूतला बदल श्रीमती रोकडे यांनी नव्हे, मी केला होता.

ताईंनी ती ओळ वाचली. त्यांचे डोळे भरले वगैरे नाहीत. "जी सर," म्हणाल्या आणि प्रयोगशाळेत निघून गेल्या. मी मागोमाग गेले तेव्हा त्या ब्युरेट स्टँडला लावत होत्या, आणि लावून झालं की पुन्हा काढून लावत होत्या. मी त्यांना म्हटलं, ताई, मला माहीत होतं, मी बोलायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय तुमाला ठावं व्हतं." एवढंच. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. पुढं कधीही त्यांनी तो विषय काढला नाही, आणि माझ्याशी वागण्यात फरकही पडू दिला नाही. ते मला जास्त लागलं.

त्या वर्षी त्यांचं नाव गेलं. डुंबरे सरांनी संगणक खोलीचा कार्यभार सोडला आणि ताईंची तिथली दुपार परत सुरू झाली. मैत्री वगैरे दोघांत झाली नाही. सर त्यांना रोकडेबाई म्हणू लागले, आणि गरज पडेल तेवढंच बोलायचे. फक्त एकदा, नव्या वर्षाच्या मुलांना घेऊन ते संगणक खोलीत आले तेव्हा मी तिथं होते. मेनू कसा लावलाय ते त्यांनी मुलांना स्वतः समजावून सांगितलं, आलेख तीन ठिकाणी का ठेवलाय तेसुद्धा. काही सापडलं नाही तर बाईंना सांगायचं, आधी आपण कुठं शोधलं ते सांगायचं, असं बजावलं. ताई कोपऱ्यात वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण लिहिणंही थांबलं होतं.

लिनक्सची नवी सीडी आली की सगळी मांडणी पुसली जायची आणि ताई पहिल्यापासून लावायच्या. चार-पाच वेळा तरी लावली असेल. जुन्नरच्या एका शिक्षकांनी फ्लॉपी मागून नेली, मंचरच्या एकांनी नेली. त्यांना ताई फ्लॉपीसोबत कोरी वहीही द्यायच्या. तुमची पोरं आमच्या पोरांसारखीच शोधतील असं नाही, म्हणायच्या.

दोन हजार नऊला मी ते कॉलेज सोडलं. शेवटच्या दिवशी सामान जीपमध्ये चढलं होतं, चालक हॉर्न वाजवत होता. सगळ्यांचा निरोप घेऊन झाला, ताई कुठं दिसेनात. संगणक खोलीच्या दाराशी त्यांच्या चपला होत्या. आत गेले तर टेबलाखालून फक्त त्यांचे पाय बाहेर दिसत होते, तळवे धुळीनं पांढरे झालेले. नवी मशीन आली होती, त्यांच्या वायरी ओढायचं काम चाललं होतं.

मी म्हटलं, ताई, निघते मी.

"थांबा मॅडम," आतून आवाज आला. "दोनी हातात वायर हाय, सोडता येत न्हाई."

मी थांबले. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. काहीतरी खटकन बसल्याचा आवाज झाला.

"डब्यावर हिरवी लाइट लागली का बघा बरं."

वायरी एकत्र जोडायच्या छोट्या डब्याकडं मी वाकून बघितलं. लागली होती. तसं सांगितलं.

"मग जावा तुमी," त्या म्हणाल्या. "उशीर करू नका."